शेपरवरून आलेला आवाज

त्या तंत्र महाविद्यालयात कुठलंही मशीन विचारल्याशिवाय सुरू होत नसे. विचारायचं मशीनला नाही, माणसांना. सुरू करणारा मोठ्यानं म्हणायचा, "हात?" आणि प्रत्येक विद्यार्थी आपल्या मशीनचं नाव घेऊन सांगायचा, "लेथ, मोकळे." "ड्रिल, मोकळे." सगळ्यांची उत्तरं आली की सुरू करणारा "चालू" म्हणायचा आणि मगच बटण दाबायचा.

ही रीत फार जुनी, सगळ्या यंत्रशाळेला मिळून एकच इंजिन होतं तेव्हाची. छताखालून एक लांबच लांब लोखंडी दांडा फिरायचा. त्याला लाइनशाफ्ट म्हणत. तिच्यावरून खाली एकेका मशीनला चामड्याचे पट्टे उतरायचे. शाफ्ट फिरली की सगळंच फिरायचं. एकाला घाई आणि दुसऱ्याचा हात अजून आत, असं झालं तर देवही वाचवायला पोचत नसे. पुढे प्रत्येक मशीनला आपापली मोटर आली, पण रीत काही गेली नाही. सुतारकाम आणि लोहारकाम घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालेली ती शाळा. मग छपाईचे खिळे जुळवणं आलं, रेडिओ दुरुस्ती आली, टंकलेखन आलं आणि गेलं, शीतयंत्रं आली, आणि आता सौर पॅनेलपासून ड्रोनपर्यंत मजल गेली. पण ड्रोनचे सरसुद्धा पंखे फिरवण्याआधी "हात?" म्हणायचे आणि पोरं हसत हसत "मोकळे" म्हणायची. अंगवळणी पडलेल्या गोष्टीला कुणी कारण विचारत नाही.

यंत्रशाळेच्या बाई मात्र हसत नसत. पोरं त्यांना पाठीमागे 'मायक्रोमीटर' म्हणत, कारण केसाएवढी चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. सकाळी आल्या की आधी प्रत्येक मशीन स्वतःच्या हातानं पुसायचं आणि मगच चहा, हा त्यांचा नेम. आवाज तसा मऊ. रागावल्या की आणखी मऊ व्हायचा, आणि पोरं त्यालाच जास्त घाबरायची.

बाईंची भाची त्याच वर्गात होती. बहीण देवाघरी गेली तेव्हा ही पोर जेमतेम चालायला लागली होती. बाईंनी तिला कडेवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही, असं नातेवाईक म्हणायचे. घरी ती 'सोन्या' होती. यंत्रशाळेत पाऊल टाकलं की मावशीची मॅडम व्हायची आणि सोन्याची 'शेपर' व्हायची, कारण बाई सगळ्यांनाच मशीनच्या नावानं हाक मारत.

"मॅडम घरी वेगळं काय करतात गं?" ड्रिलवरच्या उंच पोरानं तिला एकदा विचारलं होतं. त्याला सगळे खांब म्हणायचे.

"पोळीची जाडी मोजतात," भाची म्हणाली होती.

कॉलेजला शंभर वर्षं होत होती. प्राचार्यांच्या मनात आलं की जुन्या दालनातली लाइनशाफ्ट पुन्हा फिरवायची. ती अजून छताखाली तशीच होती. तिच्यावर चिमण्या बसायच्या. खाली चार जुनी मशीनं होती, लोखंड कातणारं मोठं लेथ, तसंच छोटं लेथ, ड्रिल आणि भिंतीकडेला शेपर. शेपर म्हणजे लोखंडाला रंधा मारणारं मशीन. त्याचं जड डोकं पुढे जातं, मागे येतं, पुढे जातं, मागे येतं. मान डोलावणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.

"मॅडम, जुनं ते सोनं खरं," प्राचार्य म्हणाले, "पण सोनं कपाटात ठेवून कोण विचारतं? प्रमुख पाहुणे आपलेच एक माजी विद्यार्थी. त्यांच्या हातून शाफ्ट सुरू करू. दालन जिवंत दिसलं तर राहील. नाहीतर नव्या अभ्यासक्रमाला जागा हवीच आहे, ते काय मला सांगायला हवं?"

बाईंचा त्या दालनावर जीव होता. त्या लागल्या कामाला. बेअरिंगातलं वाळलेलं ग्रीस खरवडलं, नवे पट्टे शिवून घेतले. इंजिनाच्या जागी मोटर बसली. ती मोटर एक पट्टा फिरवायची, पण तो आधी मोकळ्या चाकावर फिरत राहायचा. भिंतीजवळचा लाकडी दांडा ओढला की पट्टा सरकून शाफ्टच्या चाकावर जायचा आणि वरचं सगळं फिरायला लागायचं.

पहिली चाचणी दुपारी ठेवली. खांब आला नव्हता. सकाळी त्याच्या आईचा निरोप आला होता की अंगात ताप आहे. बाईंनी ठरवलं, ड्रिलचा पट्टा चढवायचाच नाही, बाकीची तीन फिरवू.

मोटर गुरगुरायला लागली. पट्टा मोकळ्या चाकावर सपसप वाजू लागला. बाईंनी दांड्यावर हात ठेवला.

"हात?"

"मोठं लेथ, मोकळे."

"छोटं लेथ, मोकळे."

"ड्रिल, मोकळे."

"शेपर, मोकळे."

बाईंनी दांड्यावरचा हात काढला. हळूच, जणू दांडा तापला होता.

ड्रिलपाशी कुणी नव्हतं. आवाज मात्र खांबाचाच होता. जरा नाकातला, शेवटचं अक्षर ओढणारा.

"ड्रिलची हजेरी लावायची हौस कुणाला आली?" बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"आम्ही नाही, मॅडम."

"मॅडम, खांब तापातही कामसू आहे," मोठ्या लेथवरचा म्हणाला. पोरं खुदकन हसली. मग हळूहळू त्यांचं हसू विरलं, कारण प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघत होता आणि शेजारी त्याच्याकडे.

भाचीनं हात वर केला. "मॅडम, आवाज ड्रिलपाशीच आला. मी शेजारी आहे. माझ्या डाव्या कानापाशी आला."

बाईंनी मोटर बंद केली. चाचणी उद्यावर टाकली. संध्याकाळी त्यांनी खांबाच्या घरी फोन केला.

"आता बरा आहे हो," त्याची आई म्हणाली. "ताप उतरलाय. पण दुपारी घसा असा बसला, तोंड उघडतोय आणि वारासुद्धा निघत नाही. घाबरून रडायला लागलं लेकरू. मग तासाभरानं आपोआप आवाज सुटला. असं कधी असतं का हो?"

"मीठपाण्याच्या गुळण्या द्या," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या ड्रॉइंगच्या सरांकडे गेल्या. सर निवृत्तीला टेकलेले. टेबलावर अजून लाकडी टी-स्क्वेअर बाळगून असलेला त्या कॉलेजातला शेवटचा माणूस. त्यांचे काका त्याच यंत्रशाळेत शिकले होते. बाईंनी झालेलं सगळं सांगितलं. सर एरवी प्रत्येक वाक्याला कोटी करायचे. त्या दिवशी त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं आणि ते विरघळून खाली गेलं तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"शाफ्ट का बंद झाली, माहीत आहे तुम्हाला?"

"मोटरी आल्या म्हणून. बाहेर फलकावर लिहिलंय."

"तेही खोटं नाही. पण मोटरी यायच्या वर्षभर आधीच बंद झाली होती. काका सांगायचे." सरांनी आवाज खाली आणला. "शेपरच्या मागं भिंतीकडे एक बोळ आहे ना? तिथं एक बेअरिंग आहे. मास्तरांनी शेपरवरच्या पोराला सांगितलं, मागं जाऊन तेवढं तेल घालून ये. सांगितलं आणि दुसऱ्याच कामात विसरले. परत आले, म्हणाले, हात? सगळ्यांनी सांगितलं. शेपर गप्प. शेजारच्या पोराला वाटलं, हा बाहेर गेलाय भटकायला, आता मास्तर झाडणार. दोघं जिवलग. तर त्यानं मित्राचा आवाज काढून सांगून टाकलं, शेपर, मोकळे. पोरं काढतातच की एकमेकांच्या हजेऱ्या. मास्तर म्हणाले, चालू."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"वाईट कुणीच नव्हतं बघा," सर म्हणाले. "एकानं काम सांगितलं, एकानं ऐकलं, एकानं दोस्ती निभावली. काका म्हणायचे, वाईट माणसाचं भूत परवडतं, त्याला घालवता तरी येतं. पण हे भूतच नव्हे. ही सवय आहे. लोखंडाला लागलेली सवय. ती शाफ्ट फिरवायची म्हटलं की पुन्हा तेच सुरू होणार. कुणीतरी पाठवणार, कुणीतरी जाणार, कुणीतरी त्याच्या नावानं हो म्हणणार."

"आणि आवाज कुणाचा?"

"जो हाताशी सापडेल त्याचा."

बाई तडक प्राचार्यांकडे गेल्या. पण निमंत्रणं गेली होती, मांडव पडला होता, आणि 'आवाज आला' एवढ्यावर शंभर वर्षांचा सोहळा कसा मोडायचा? प्राचार्य भले माणूस होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमची अट काय ती सांगा. मी पाळतो."

"दांड्याला पाहुण्यांनी हात लावावा. पण माझ्या तोंडून 'चालू' ऐकल्याशिवाय तो हलता कामा नये. बाकी कुणाच्याही शब्दावर नाही. तुमच्याही नाही."

"दिला शब्द," प्राचार्य म्हणाले.

रात्री जेवताना बाईंनी भाचीसमोर विषय काढला. शेपरवर दुसऱ्या कुणाला उभं करावं म्हणाल्या.

"दुसऱ्या कुणाला म्हणजे? त्याला काही झालं तर चालेल का?"

बाईंनी तिच्या ताटात पोळी वाढली.

"मावशी, वर्गात आधीच म्हणतात, मॅडमची लाडकी. शेपर सोडलं तर म्हणतील लाडकी घाबरली. आणि मला काय होणार? मी जागेवरून हलणारच नाही. कुणीही बोलावू दे."

"कुणीही म्हणजे कुणीही."

"अगं हो. तू भाजी वाढ आधी."

"आईची शपथ घे."

भाचीनं घास खाली ठेवला. मावशी कधी आईचं नाव असं मध्ये आणत नसे. "घेतली," ती म्हणाली.

सोहळ्याच्या सकाळी दालन फुलून गेलं होतं. भिंतींवर फलक लागले होते. बंद पडलेल्या अभ्यासक्रमांचे फोटो एका बाजूला, चालू असलेल्यांचे दुसऱ्या बाजूला. पाहुणे वयस्क होते, पाठीत वाकलेले पण डोळ्यांनी तरतरीत. प्रत्येक मशीनला हात लावून बघत होते. त्यांच्यामागे प्राचार्य, प्राचार्यांमागे फोटोवाले, त्यांच्यामागे सगळं कॉलेज. बाईंनी केस टोपीत कोंबलेल्या भाचीला शेपरपाशी उभं केलं आणि तिच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. एरवी यंत्रशाळेत त्या असं करत नसत.

मोटर सुरू झाली. पट्टा मोकळ्या चाकावर सपसप करू लागला. पाहुण्यांनी दांडा धरला. फोटोवाले पुढे सरकले आणि शेपर त्यांच्या पाठीआड गेलं.

"हात?" बाईंनी विचारलं.

"मोठं लेथ, मोकळे."

"छोटं लेथ, मोकळे."

"ड्रिल, मोकळे." हा खांब. बाईंना तो त्याच्या उंचीमुळे दिसत होता, ओठ हललेलेही दिसले.

"शेपर, मोकळे."

सोन्याचाच आवाज. तोच खणखणीतपणा, तीच थोडी घाई. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. बाई "चालू" म्हणणार होत्या. पण त्यांना भाची दिसत नव्हती. आणि मावशीच्या मनाला दिसल्याखेरीज धीर धरवत नव्हता.

"एक मिनिट," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, आणि गर्दीतून वाट काढत निघाल्या.

शेपरपाशी कुणी नव्हतं.

त्या धावत मागच्या बोळात शिरल्या. भिंत आणि शेपरचा पट्टा यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन कसाबसा जाईल एवढीच ती जागा. आत भाची वाकून बेअरिंगात तेल घालत होती. हातात लांब चोचीची तेलाची कुपी, चेहरा शांत, घरकाम करताना असतो तसा. बाईंनी तिचा दंड धरला. ती दचकली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिनं घशाला हात लावला आणि पुन्हा ओठ हलवले. मशीनच्या गोंगाटात काम केलेल्या माणसाला ओठ वाचता येतात.

*तूच तर म्हणालीस.*

बाईंनी मान हलवली. नाही.

*तू म्हणालीस. कानाशी येऊन. सोन्या, तेवढं तेल घालून ये. यंत्रशाळेत तू सोन्या म्हणालीस म्हणून मला वाटलं, खरंच काहीतरी महत्त्वाचं आहे.*

शपथ कुणीही बोलावलं तरी न हलण्याची होती. पण मावशी 'कुणीही' मध्ये येते, हे त्या पोरीच्या मनात कसं यावं?

बाईंनी "चल" म्हणायला तोंड उघडलं. काहीच निघालं नाही. घसा कोरडा पडला नव्हता, दुखत नव्हता. नुसता रिकामा होता.

आणि पुढून, दांड्याच्या बाजूनं, मऊ पण सगळ्या दालनात पोचणारा आवाज आला.

"हात?"

तो बाईंचा आवाज होता. बाईंनी तो जन्मभर आतून ऐकला होता. आज पहिल्यांदा बाहेरून ऐकला.

मोठं लेथ म्हणालं, मोकळे. छोटं लेथ म्हणालं, मोकळे. खांब म्हणाला, मोकळे. पोरांची काय चूक? बाईंनी विचारलं आणि पोरांनी सांगितलं. मग रिकाम्या शेपरपाशी, अगदी पलीकडे, हातभर अंतरावर, सोन्याचा आवाज म्हणाला, "शेपर, मोकळे." भाचीनं तो ऐकला. तिनं मावशीचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"चालू," बाईंचा आवाज म्हणाला.

बाईंनी भाचीला भिंतीकडे ढकललं आणि स्वतः तिच्यावर सपाट झाल्या. वर लोखंड कण्हलं. पट्टा आधी थरथरला, मग सुटला. त्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावरून तो सळसळत जाऊ लागला, आणि त्याच्या वाऱ्यानं बाईंचा एप्रन पाठीला चिकटे आणि सुटे, चिकटे आणि सुटे. बोळाचं तोंड पट्ट्यापलीकडे होतं. हलायची सोय नव्हती.

बाहेर टाळ्या पडल्या.

मग बाईंचा आवाज बोलू लागला. पाहुण्यांना कॉलेजचा इतिहास सांगू लागला. ही शाळा एका शेडमध्ये सुरू झाली, म्हणाला. तेव्हा भात्याला पोरं आळीपाळीनं बसायची, आणि ज्याची पाळी असे त्याला दिवसभर 'वारा' म्हणून हाक मारायची. बाईंना हे ठाऊक नव्हतं. कुठल्याच फलकावर ते नव्हतं. खिळे जुळवणाऱ्या पोरांना आरशात वाचायची सवय लागली आणि ती रस्त्यावरच्या पाट्याही उलट्या वाचू लागली. लोक हसले. टंकलेखनाच्या वर्गात डोळ्यांना पट्टी बांधून परीक्षा व्हायची. पाहुणे म्हणाले, अगदी खरं, माझी बहीण होती त्या वर्गात. आवाज जिव्हाळ्यानं बोलत होता. बाई आयुष्यात कधी चारचौघांत इतकं छान बोलल्या नव्हत्या.

"आणि शेपरवर माझी भाची आहे," आवाज म्हणाला. "फार गुणी पोर. कुठे पाठवलं तर नाही म्हणत नाही."

"नमस्कार," सोन्याचा आवाज म्हणाला.

भाची मावशीच्या छातीशी बिलगली होती. बाईंना पट्ट्याची भीती वाटेनाशी झाली होती. भीती वेगळीच होती. बाहेर कुणी त्यांना शोधत नव्हतं. शोधणार कशाला? दोघी तिथेच तर होत्या, बोलत होत्या, लोक हसत होते. आता सगळे जेवायला जातील, त्या दोघींना बरोबर घेऊन जातील, आणि संध्याकाळी घराचं कुलूपही कुणीतरी उघडेल.

भाचीच्या हातात तेलाची कुपी अजून होती.

यंत्रशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट म्हणजे पट्ट्याला तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. लागला की पट्टा घसरतो. बाईंनी किती पोरांना त्यावरून वर्गाबाहेर उभं केलं असेल. त्यांनी कुपी घेतली, मान वळवता येईल तेवढी वळवली, आणि चोच धावत्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला टेकवली. हात खेचला जाईल इतक्या जवळ. तेल चामड्यात पसरलं. पट्टा एकदा घसरला, पुन्हा पकडला. बाईंनी कुपी दाबून रिकामी केली. मग पट्टा कडेला सरकत सरकत चाकावरून उतरला आणि मेलेल्या सापासारखा जमिनीवर पडला.

दोघी बाहेर आल्या.

सगळे लोक दांड्याकडे तोंड करून उभे होते. पाहुण्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. गर्दी इतकी की मुंगी शिरायला वाव नाही, तरी तेवढी जागा लोकांनी सोडली होती, आणि सगळ्यांच्या नजरा तिथे होत्या. ऐकणाऱ्या, हसऱ्या नजरा. आवाज वाक्याच्या मध्येच थांबला होता.

प्राचार्यांनी बाईंकडे पाहिलं. मग त्या जागेकडे. पुन्हा बाईंकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही म्हणालात म्हणूनच ओढला. मी शब्द मोडला नाही."

बाईंनी पाहुण्यांच्या हातातून दांडा घेतला आणि मागे लोटला. शाफ्ट मंद होत गेली. लेथं थांबली. शेवटी मोटर बंद केल्यावर दालनात एवढी शांतता पसरली की छतावरच्या चिमण्यांची नखं वाजलेली ऐकू आली.

त्या शांततेत त्या रिकाम्या जागेतून पुन्हा प्रश्न आला, हलक्या आवाजात, काळजीनं विचारल्यासारखा.

"हात?"

तिन्ही पोरांची तोंडं सवयीनं उघडली. बाईंनी तळवा वर केला. मोठं लेथ गप्प राहिलं. छोटं लेथ गप्प राहिलं. खांबानं तोंडावर हात दाबला.

"हात?" आवाजानं पुन्हा विचारलं. ह्या वेळी तो विचारत नव्हता, विनवत होता. कुणीतरी उत्तर द्या, कुणी का असेना. पाहुण्यांच्या म्हाताऱ्या ओठांवर शब्द आला होता. विद्यार्थी असतानाची सवय त्या ओठांना अजून होती. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी ओठ मिटले.

कुणी उत्तर दिलं नाही. मग मांडवाच्या बाजूनं कुणीतरी भांडं पाडलं, आणि लोक श्वास सोडून एकमेकांशी बोलू लागले, भलत्याच विषयांवर.

संध्याकाळपर्यंत दोघींचे आवाज परत आले. आधी भाचीचा. ती न्हाणीघरात हुंदके देऊन रडली, आणि तो आवाज ऐकून बाई दाराबाहेर खाली बसल्या. आवाज दारातून येत होता, ओळखीचा होता, अगदी तिचाच होता. तरी बाईंनी दार ठोठावलं. "सोन्या, कडी काढ. मला दिसू दे."

कडी निघाली. ओल्या तोंडाची भाची समोर उभी होती. बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. नखांच्या कडेला तेल होतं, साबणानं न गेलेलं. ते बघितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

लाइनशाफ्ट प्राचार्यांनी उतरवून घेतली. दालनात आता नवा अभ्यासक्रम आहे. पांढरी, बंद दारांची, संगणकावर चालणारी मशीनं. बाईच शिकवतात. ड्रोनच्या वर्गात अजून "हात?" म्हणतात, हसतातही. बाईंच्या दालनात कुणी विचारत नाही. मशीन सुरू करण्याआधी बाई रांगेतून फिरतात आणि प्रत्येकाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतात, एकेकाचे, ऊब लागेपर्यंत. वेळ जातो. नवी पोरं लाजतात, कुरकुरतात. जुनी त्यांना गप्प करतात.

रांगेच्या शेवटी भिंतीकडे, जिथे आता मशीन नाही, तिथेही कधी कधी कुणीतरी हात पुढे केल्यासारखं त्यांना वाटतं. बाई तिथे थांबत नाहीत.